बाळकुमचा शिलालेख आणि माझी इतर मालमत्ता

मी, श्रीमती उत्तरा सखाराम खांबेटे, वय वर्षे सत्त्याहत्तर, निवृत्त ट्रेसर, भूमापन खाते, राहणार दुसरा मजला, नौपाडा, ठाणे पश्चिम, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण आमच्या मंडळाचे अध्यक्ष श्री. परशुराम गुप्ते यांनी २०१४ सालच्या सभेत माझ्या डोक्याविषयी शंका काढली होती आणि ती इतिवृत्तात तशीच नोंदलेली आहे. इतिवृत्त मीच लिहिते, म्हणून ती नोंद नीट झाली आहे.

मला कोणी धमकावलेले अथवा फूस लावलेली नाही. भाचा चि. मितेश याने गेल्या दिवाळीत "आत्या, घराचे पेपर्स कुठे ठेवतेस गं?" असे सहज विचारले होते. ते प्रेमाने विचारले असे मी धरून चालते.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात मितेशला मिळावे. इमारत पाडून नवी बांधायची बोलणी सुरू आहेत, ती त्याने खुशाल करावीत. मात्र नव्या इमारतीला बिल्डर एखादे ऐतिहासिक नाव देऊ लागला तर मितेशने त्याला हात जोडून थांबवावे. असे का, हे कलम ६ वाचल्यावर कळेल.

कलम २. बँकेतील ठेवी मितेशला. पाटल्या त्याची पत्नी सौ. ऐश्वर्या हिला. तिने त्या मोडून काहीतरी नाजूक घडवले तरी माझी हरकत नाही. मी असताना मात्र तो विषय काढू नये.

कलम ३. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेला कोयता आमच्या ह्यांचा. ह्यांच्या आजोबांनी तो गुहागरकडच्या वाडीत नारळाच्या झावळ्या तोडायला वापरला. आमच्याकडे तो फक्त शोभेला होता आणि दसऱ्याला त्याला फूल वाहिले जाई. तोही मितेशला द्यावा. कोयता कुठल्या बाजूने धरतात हे त्याने आधी कोणाकडून तरी शिकून घ्यावे.

कलम ४. आता घरातले जे माझे नाही त्याबद्दल. नौपाडा इतिहासप्रेमी मंडळाची मी स्थापनेपासून, म्हणजे १९९६ पासून, कार्यवाह आहे. दिवाळी झाली की आमचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या सभागृहात व्याख्यान, तिसऱ्या रविवारी सहल. मंडळाला स्वतःची जागा नसल्याने मंडळ माझ्या पलंगाखाली राहते. त्यात हातकर्णा एक (बॅटरी मितेशच्या जुन्या खेळण्यातली), सहलीचा पिवळा झेंडा, चहाचा मोठा थर्मास, पडदा, एकोणतीस वर्षांची इतिवृत्ते आणि पत्र्याच्या लांब नळीत गुंडाळून ठेवलेले बाळकुमच्या दगडाचे ठसे, असा ऐवज आहे. हे सर्व ठाकुर्ली येथे राहणाऱ्या कु. संचिता सुर्वे हिच्या ताब्यात द्यावे. कार्यवाहपद ही मालमत्ता नाही आणि ते मृत्युपत्राने देता येत नाही, हे मला वकिलांनी दोनदा सांगितले आहे. पण थर्मास ज्याच्याकडे त्याच्याकडेच मंडळ असते, हे वकिलांना ठाऊक नाही.

संचिताला काही सूचना. व्याख्यानाला पहिल्या रांगेत झोपणारे सभासद झोपू द्यावेत, ते घोरत नाहीत आणि फोटोत रांग भरलेली दिसते. "माझा एक छोटासा प्रश्न आहे" असे म्हणून जो उभा राहतो त्याच्याजवळ ध्वनिक्षेपक नेऊ नये. सहलीला नाव न देता मेव्हण्याला घेऊन येणाऱ्यांना शेवटचा समोसा द्यावा. वक्त्याला श्रीफळ द्यावे, शाल देऊ नये. आमच्या हंगामात ठाण्यात शालीची गरज पडत नाही आणि त्याच शाली पुढे फिरून आपल्यालाच मिळतात.

कलम ५. श्री. परशुराम गुप्ते, ज्यांना मंडळात सगळे भाऊ म्हणतात, हे माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. हे नजरचुकीने राहिलेले नसून विचारपूर्वक लिहिले आहे.

त्याची कारणे दोन. पहिले किरकोळ आहे. २००९ साली कल्याणच्या सहलीत भाऊंनी जवळची वाट म्हणून आम्हां एकेचाळीस जणांना एका लग्नाच्या मांडवात नेले. मी हातकर्ण्यावरून मागे फिरायला सांगत होते. भाऊंनी मात्र वधूपित्याशी जुनी ओळख असल्यासारखा नमस्कार केला आणि मंडळी पंगतीला बसली. किल्ला बघायचा राहिला. इतिवृत्तात मी "स्थानिक खाद्यसंस्कृतीचा परिचय" असे लिहिले, ते मंडळाची अब्रू राखायला.

दुसरे कारण मोठे आहे. २०१४ मध्ये भाऊ भर सभेत म्हणाले की खांबेटेबाईंच्या शिलालेखात दर वर्षी एक अक्षर वाढते, तेव्हा बाई घरून अक्षरे नेतात की काय हे तपासावे. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. मंडळाचे काम अडले नाही. एका टेबलाशी बसून आम्ही इतिवृत्तातून बोलतो. "अध्यक्षांनी कार्यवाहांस पंखा कमी करण्याविषयी सुचवले, कार्यवाहांनी नकार नोंदवला," अशी नोंद गेल्या मार्चमधली आहे.

कलम ६. बाळकुमचा दगड. हे कलम सावकाश वाचावे.

मंडळाच्या पहिल्याच हंगामात, बाळकुम गावच्या जुन्या विहिरीजवळ मला एक काळा दगड दिसला. कमरेइतका उंच, आणि एका अंगाला उभ्या-तिरप्या रेघा ओळीने कोरलेल्या. मी तीस वर्षे कचेरीत दुसऱ्यांनी काढलेल्या रेघांवर कागद ठेवून रेघा काढल्या होत्या. इथे पहिल्यांदाच मला माझ्या स्वतःच्या रेघा सापडल्या. दगडावर ओला कागद ब्रशने ठोकून बसवला, वरून शाईची पुरचुंडी फिरवली आणि ठसा घेतला. शाई न लागलेल्या पांढऱ्या रेघांमध्ये मला सहा अक्षरे दिसली. पहिले "श्री" होते. जिथे "श्री" आहे तिथे पुढे दान असते आणि दान असले की राजा असतो. राजा शिलाहार ठरला. मी अकरावे शतक म्हणाले आणि भाऊ बारावे. त्यावर मंडळात दोन तट पडले, ते अजून आहेत.

पुढच्या वर्षी ठसा घेतला तर सातवे अक्षर दिसले. त्याच्या पुढच्या वर्षी आठवे. ऊन-पावसाने दगडाचा वरचा पापुद्रा निघतो आणि खालची अक्षरे उघडी पडतात, असा मी सिद्धान्त मांडला. दर हंगामाचे पहिले व्याख्यान माझे असे आणि त्यात त्या वर्षीचे नवे अक्षर जाहीर होई. लोक त्यासाठी येत. करोनाच्या दोन वर्षांत सहल झाली नाही, तर तिसऱ्या वर्षी एकदम तीन अक्षरे मिळाली आणि टाळ्याही तिप्पट पडल्या. मंडळाने दगडाभोवती लोखंडी कठडा बांधला, पाटी लावली. शेतांच्या जागी चार टॉवर आले तेव्हा बिल्डरने त्यांचे नाव "शिलालेख रेसिडेन्सी" ठेवले. दोनशे अठ्ठ्याऐंशी कुटुंबे आज त्या पत्त्यावर पत्रे घेतात. आजमितीस माझ्याकडे चौतीस अक्षरे आहेत आणि एका राजाने एका ब्राह्मणाला एक आंब्याचे झाड दिले इथवर मजकूर लागला आहे.

गेल्या जानेवारीत सहलीच्या आदल्या दिवशी, चहाची व्यवस्था बघायला मी एकटीच बाळकुमला गेले. पाहते तो कठड्याच्या आत गोदूबाई भोईर उकिडव्या बसलेल्या. गोदूबाई तिथल्या जुन्या घरच्या, ऐंशीच्या पुढच्या. टॉवर त्यांच्याच शेतावर उभे आहेत आणि आता त्या बी विंगमध्ये तळमजल्यावर राहतात. दर वर्षी आमच्या चाळीस माणसांना चहा आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा त्यांच्याकडूनच मिळतो. त्यांच्या हातात कोयता होता. दगडावर पाणी मारून त्या शांतपणे त्याला धार लावत होत्या. माझ्या चौतिसाव्या अक्षराच्या शेजारी पस्तिसावे तयार होत होते.

मी कठडा धरून उभी राहिले. त्यांनी मला बसायला गोणपाट दिले आणि सगळे सांगितले. हा दगड गावाचा धार लावायचा. वरच्या बाजूच्या खोल रेघा त्यांच्या आजेसासूच्या, मधल्या सासूच्या. रेघ फार खोल गेली की पाते अडकते, मग शेजारी नवी पाडायची. कठडा बांधल्यावर गावातल्या बाकीच्यांनी नाद सोडला. ह्या मात्र वर्षातून एकदा, नौपाड्याची माणसे यायच्या आधी, बाजूच्या गजांमधून आत शिरतात; करोनात कोणी आले नाही तरी वाट बघून शिरल्याच. पाहुण्यांसाठी नारळ फोडायचे असतात, कोयता बोथट कसा चालेल?

आजवर सांगितले का नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "मना कोनी इचारलाच नाय." थोड्या वेळाने त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. त्यांना वाटे, शहरातल्या माणसांकडे असला दगड नसेल, म्हणून बिचारी दर वर्षी बघायला येतात. येतात तर येऊ देत, घर भरल्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी सहल नेहमीप्रमाणे झाली. मी पस्तिसावे अक्षर जाहीर केले नाही. घसा बसल्याची सबब सांगितली.

कलम ७. याच संदर्भात दोन माणसांचे मी देणे लागते आणि ते बँकेतून फिटणारे नाही.

एक आमचे हे. पहिल्याच सहलीत, दगडासमोर, ह्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हटले होते, "अगं, आमच्या वाडीला कोयते घासायचा दगड अगदी असाच आहे." मी ह्यांच्याकडे असे काही पाहिले की त्यानंतर बावीस वर्षे, २०१८ मध्ये जाईपर्यंत, हे त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. दर सहलीला पिवळा झेंडा धरून पुढे चालत आणि डोकी मोजत. माझ्या प्रत्येक अक्षराला पहिली टाळी ह्यांची असे. मला ह्यांची फार आठवण येते आणि त्या बघण्याची फार लाज वाटते.

दुसरी संचिता. २०१३ च्या व्याख्यानाला ती आली तेव्हा कॉलेजात होती. प्रश्नोत्तरांत उभी राहून तिने विचारले, "बाई, तिथे राहणाऱ्या कोणाला विचारलंत का?" मी हातकर्ण्यावरून उत्तर दिले की शिलाहारांना ओळखणारे आता तिथे कोणी राहत नाही. सभागृह हसले. मीही हसले. ती खाली बसली आणि पुन्हा आली नाही. आज ती डोंबिवलीच्या शाळेत इतिहास शिकवते आणि मुलांना घरच्या म्हाताऱ्यांची मुलाखत घ्यायला पाठवते, असे कानावर आले. एकोणतीस वर्षांत मंडळात विचारला गेलेला तो एकमेव कामाचा प्रश्न होता. थर्मास तिला का, ते आता लक्षात यावे.

कलम ८. म्हणून असे ठरवते की, कलम ६ आणि ७ मधला मजकूर एका लिफाफ्यात लाखेने बंद करून ठेवावा. माझ्या मृत्यूनंतर जो हंगाम येईल त्याच्या पहिल्या व्याख्यानात संचिताने तो उघडून वाचावा. तोवर कोणाला काही कळू नये. सहल चालू ठेवावी. यंदाचे नवे अक्षर कोणी विचारलेच तर संशोधन सुरू आहे असे सांगावे. लोक माझ्यावर हसतील तेव्हा मी तिथे नसावे, एवढीच माझी अखेरची इच्छा आहे.

कलम ९. गोदूबाईंना मी काही देत नाही. दगड त्यांचाच आहे. मंडळाने कठडा काढून टाकावा.

कलम १०. माझ्या शोकसभेत कोणीही दहा मिनिटांच्या वर बोलू नये. हातकर्णा वापरू नये.

येथवरचे सर्व काल लिहून झाले. पुढचे आज, साक्षीदार समोर बसलेले असताना लिहीत आहे.

वकील म्हणाले होते की ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे दोन साक्षीदार घ्या. ज्यांना मी काहीच देऊ इच्छित नाही अशांचा विचार केला तर पहिले नाव परशुरामभाऊंचेच आले. त्यांना रीतसर सभेची सूचना पाठवली: विषय एक, सही. दुसऱ्या गोदूबाई. त्यांना त्यांच्या नातीने बाळकुमहून रिक्षाने आणून सोडले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, समोर सही झालेली पाहिली की पुरते, असे मी टेबलावर कागदावर लिहून ठेवले होते. पण भाऊंनी एकोणतीस वर्षांत न वाचता एका इतिवृत्तावरही सही केलेली नाही, हे मी विसरले. ही माझी आणखी एक चूक. त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि वाचायला घेतले. गोदूबाई म्हणाल्या, मोठ्याने वाच. त्यांनी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचले. लग्नाच्या पंगतीचा भाग ते भरभर वाचून गेले.

कलम ६ संपल्यावर भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले.

"म्हणजे रेघा खरंच वाढत होत्या."

"होत्या," मी म्हणाले.

"मग माझं चुकलं. भर सभेत बोललो, तसंच भर सभेत मागे घेईन."

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. बाहेर आले तोवर कलम ८ वाचून झाले होते आणि गोदूबाईंनी भिंतीवरचा कोयता काढून मांडीवर घेतला होता. पात्यावरून अंगठा फिरवून त्यांनी नापसंती दाखवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मेल्यावर सांगून तुला कोन हसल, बाय? जित्ती हाय तवर सांग. हसतीन, चा पितीन, जातीन."

भाऊ म्हणाले की सूचनेला त्यांचे अनुमोदन आहे.

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे म्हणाले. भाऊ म्हणाले, त्यावर चिठ्ठी चिकटवू. शिलालेख रेसिडेन्सीचे काय, असे विचारले. गोदूबाई म्हणाल्या की तिथली माणसे त्या जागेला आजही भोईरांचे शेतच म्हणतात, पाटी कोण वाचतो. मग माझ्याकडे फक्त भीती उरली आणि ती ह्या दोघांसमोर लपवता येईना. मला खरेच भीती वाटते. पंचाहत्तरी उलटल्यावर माणसाकडे जे काही असते ते त्याचे नाव असते आणि माझे नाव त्या दगडावर कोरलेले होते. पण ते तरी कोणी कोरले होते? मी तर नक्कीच नाही.

तेव्हा पुढीलप्रमाणे दुरुस्ती करते.

कलम ८ रद्द. लाख वाया जाऊ नये म्हणून ती मितेशला द्यावी.

कलम ३ तूर्त स्थगित. कोयता मी हयातीतच गोदूबाईंबरोबर बाळकुमला पाठवत आहे. त्याला धार लावून त्या परत आणणार आहेत. छत्तिसावी रेघ आमच्या ह्यांच्या कोयत्याची असेल आणि तिचा ठसा मात्र मी जरूर घेणार आहे.

कलम ६ मधील "अकरावे शतक" आणि "बारावे शतक" हा वाद दोन्ही बाजूंनी मागे घेण्यात येत आहे. आता शतक विसावे आहे यावर एकमत झाले. भाऊंनी एकोणिसाव्याचा आग्रह धरला, कारण गोदूबाईंच्या आजेसासू. तो नोंदवला आहे.

नव्याने समाविष्ट, कलम ११. यंदाच्या हंगामाचे पहिले व्याख्यान शनिवार, १ नोव्हेंबर रोजी होईल. प्रमुख वक्त्या श्रीमती गोदूबाई भोईर. विषय, रेघा कोणाच्या. मी सुरुवातीला उभी राहून माझी चूक सांगेन, हातकर्ण्याशिवाय.

हे ठरल्यावर मी संचिताला फोन केला. नंबर भाऊंकडे होता. त्यांनी तो बारा वर्षे जपून ठेवला होता, कारण तिने भरलेली वर्गणी परत करायची राहिली होती. आधी नाव सांगितले. मी सगळे सांगितले, त्या दिवशीचे माझे उत्तरही सांगितले आणि तिची माफी मागितली. मागे शाळेच्या मैदानाचा आवाज येत होता. आज रविवार असून ती शाळेत होती, कसली तरी स्पर्धा असावी.

ती म्हणाली, "बाई, नंतर प्रश्नोत्तरं ठेवणार ना?"

मी सांगितले की ठेवणार, आणि ध्वनिक्षेपक सगळ्यांत आधी तिच्याकडे येईल.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, वाचून घेतला आणि जिथे खोडला तिथे आद्याक्षरे केली. यापूर्वी केलेले मृत्युपत्र नाही. यापुढे करायचे झाल्यास पुन्हा याच दोघांना बोलवीन.

ठिकाण: नौपाडा, ठाणे
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री अमावास्या (हा दिवस सहीला बरा नाही असे अध्यक्षांचे मत पडले. ते नोंदवले आहे.)

लिहून ठेवणार:
उत्तरा सखाराम खांबेटे

साक्षीदार १:
परशुराम गुप्ते. संपूर्ण वाचून सही केली. २००९ च्या पंगतीबाबतचा मजकूर मान्य नाही; वधूपित्याशी माझी खरोखरच ओळख होती.

साक्षीदार २:
निशाणी, डाव्या हाताचा अंगठा, श्रीमती गोदूबाई भोईर, राहणार बाळकुम, यांचा. नाव, गाव आणि दगडाविषयीचा मजकूर त्यांना विचारून लिहिला आहे.